कौलं उतरवणारा मालक

लाल मातीच्या एका गावात कौलांचा मोठा कारखाना होता आणि त्याचा मालक मनाने चांगला होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तो एक घोडचूक करणार आहे आणि तुम्ही त्याला उगाच दुष्ट ठरवाल.

गावच्या शिवारातली माती कारखान्यात यायची. गावातलीच माणसं ती तुडवायची, साच्यात घालायची, भट्टीत भाजायची. कौलांनी भरलेल्या बैलगाड्या मग दूरदूरच्या शहरांत जायच्या. गावातली घरं मात्र होती तशीच राहिली, बांबूच्या वाशांवर गवताने शाकारलेली.

एकदा माल न्यायला आलेला एक व्यापारी गावातून फेरफटका मारून आला आणि हसत म्हणाला, "कमाल आहे शेठ! अर्ध्या मुलखाला तुम्ही छप्पर दिलंत, आणि तुमच्याच गावात औषधाला एक कौल दिसत नाही."

मालकाच्या ते जिव्हारी लागलं. गावाने आपल्याला एवढं दिलं, आपण गावाला काय दिलं? प्रश्न अगदी रास्त होता. उत्तराची घाई तेवढी नडली. त्याने लगेच मुकादमाला हाक मारली.

"पावसाआधी गावातल्या प्रत्येक घराला कौलं पोचली पाहिजेत. फुकट."

मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "मालक, एकदा लोकांना विचारून बघू या का?"

"चांगलं काम करायला विचारायचं कशाला?" मालक म्हणाला, आणि गाड्या जुंपल्या गेल्या.

घराघराच्या अंगणात कौलांचे ढीग लागले. लोकांनी हात जोडले. नको असं कुणीच म्हणालं नाही. कुणी प्रेमाने काही दिलं तर त्याला नावं ठेवायची नाहीत, ही त्या गावची रीतच होती. मालक तर हरखून गेला. त्याने गावातून वाजतगाजत मिरवणूक काढायचं ठरवलं आणि त्या व्यापाऱ्यालाही मुद्दाम आमंत्रण धाडलं.

मिरवणुकीच्या दिवशी मात्र त्याला दम धरवेना. ढोल वाजायच्या आधीच तो एकटा गावात शिरला. पहिल्या अंगणात त्याच्या कौलांचं खुराडं झालं होतं आणि कोंबड्या त्यावर चढून बसल्या होत्या. दुसऱ्या घरी त्यांचा मोरीला आडोसा केला होता. तिसऱ्या घरी तर त्यांवर मिरच्या वाळत होत्या.

"कदर नाही लेकांना!" मालक पुटपुटला. त्याचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला.

गावाच्या टोकाला म्हातारी सुईण एकटी राहायची. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं, मालकसुद्धा. तिचं खोपटं आढ्यापासून वळचणीपर्यंत कौलांनी झाकलेलं पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

"ये रे बाळा," सुईण दारात येत म्हणाली. "तुझा मान राखला बघ. शेजारच्या पोरांकडून चढवून घेतली."

मालकाने कौतुकाने आत पाऊल टाकलं आणि वर पाहिलं. गवत पेलणारे ते बारीक वासे कमानीसारखे वाकले होते. मधल्या खांबाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. एक कौल किती जड असतं हे मालकाला झोपेतही सांगता आलं असतं. ते पेलणार कोण, एवढंच त्याने कधी पाहिलं नव्हतं. वर काहीतरी करकरलं.

"आजी, आधी बाहेर हो!"

तेवढ्यात ढोलांचा आवाज जवळ आला. मिरवणूक वळणावर पोचली होती. हसून हात जोडले असते, तर सगळे वाहवा करून घरी गेले असते. छप्पर आजचा दिवस कदाचित टिकलंही असतं. पण सुईण रात्री त्याच छपराखाली निजणार होती.

मालकाने धोतर खोचलं, भिंतीला शिडी लावली आणि वर चढून कौलं उतरवायला लागला. ढोल थांबले. लोक आ वासून बघत राहिले.

"शेठ, हे काय चालवलंय?" व्यापाऱ्याने विचारलं.

"चूक उतरवतोय," मालक म्हणाला. "बघत काय राहिलात? हात लावा!"

शेवटचं कौल खाली आलं आणि मुकादमाने खांबाला हात लावला, तर तो मोडून त्याच्या हातातच आला. मालक मटकन अंगणात बसला.

"आजी, मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं?" सुईण म्हणाली.

मालकाने मान खाली घातली. मग गावकऱ्यांकडे वळून म्हणाला, "आता विचारतो. काय हवंय तुम्हाला?"

 सुईण पुढे आली.

"आमचे हात परत दे, बाळा. पूर्वी पावसाच्या तोंडावर सगळं गाव मिळून शाकारणी करायचं. आज याचं घर, उद्या त्याचं. ज्याचं घर त्याच्याकडं जेवण. आता नेमक्या त्याच दिवसांत तुझ्या कौलांना मागणी, मग कुणाला सुट्टी नाही. गवत अंगणात कुजतं आणि पावसाळाभर आम्ही गळक्या घरात पातेली मांडत बसतो. तेवढे दिवस भट्टी थांबव."

 त्याच दिवसांवर कारखान्याचं वर्ष निघायचं.

"वेडेपणा करू नका शेठ," व्यापारी म्हणाला. "माझ्या गाड्या उभ्या आहेत. माल मिळाला नाही तर मी दुसरीकडे जाईन."

मालकाने एकदा व्यापाऱ्याकडे पाहिलं आणि एकदा उघड्या पडलेल्या खोपटाकडे. "मुकादम," तो म्हणाला, "भट्टी विझवा."

व्यापारी पाय आपटत निघून गेला. त्या वर्षी मालकाला हात आखडता घ्यावा लागला, हे खरं. पण गावात पुन्हा शाकारणी सुरू झाली. नवा खांब रोवून पहिलं घर सुईणीचं झालं. मालक शिडीवर उभा राहून गवताच्या पेंढ्या वर देत होता, आणि त्या काही त्याला धड देता येत नव्हत्या. लोक त्याला तोंडावर हसले. त्याला ते फार आवडलं. पुढल्या वर्षी मात्र शाकारणीचे दिवस मोकळे मिळावेत म्हणून माणसांनी आपणहून हिवाळ्यातच कामाला जोर लावला आणि नव्या गिऱ्हाइकांचा सगळा माल वेळेआधी रवाना झाला.

मग एके सकाळी सुईण काठी टेकत कारखान्याच्या दारात आली.

"बाळा, मला आता जाड भिंती घालून, सागाचे खांब लावून कौलारू घर बांधायचंय. माणसं देशील?"

मालकाचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत गावातलं कुणी त्याच्या दारात काही मागायला आलं नव्हतं.

"देतो, आजी. आणखी काय हवंय?"

"पुष्कळ हवंय," सुईण म्हणाली. "आधी बसायला तर सांग."

तात्पर्य एवढंच: ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत द्यायचं असेल, तर आपल्याकडे काय जास्त आहे ते पाहू नये, त्यांचं काय गेलं, ते त्यांनाच विचारावं.