न खणलेला कोपरा

“अकरा एकर जमीन शुद्ध केली आणि एवढासा कोपरा तसाच ठेवला, तर ती लबाडी होते का, भंतेजी?”

सुगत भालेरावनं प्रश्न विचारला आणि जेवणाचा डबा पुढं ठेवला. दोन्ही एका दमात.

भंते उपसेन ऐंशीच्या घरातले. रंगाच्या कारखान्यामागं जी चाळ आहे, तिथल्या खोलीएवढ्या विहारात ते राहत. सुगत लहानपणी त्यांच्याकडंच गाथा शिकला होता. आता तो मोठा इंजिनिअर झाला होता. लोक त्याला मातीचा डॉक्टर म्हणत, आणि त्यानंही कधी नको म्हटलं नव्हतं.

“कारखान्याची जमीन?” भंतेजींनी विचारलं.

“हो.”

वीस वर्षांपूर्वी मालकानं कारखान्याला कुलूप ठोकलं आणि हात झटकले. रंग मात्र जमिनीत राहिला. पावसाळ्यात डबकी पिवळी होत, बोअरचं पाणी पिवळं येई. शहर वाढत वाढत कारखान्याला वळसा घालून पुढं गेलं, पण त्या जमिनीवर कुणी चूल मांडायला धजावलं नाही.

सुगतनं ती साफ करायला घेतली. एकोणीस महिने नाकी नऊ आले. विषारी माती खणून दूरच्या, प्लास्टिकचं जाड अस्तर लावलेल्या खड्ड्यात नेऊन बंद केली. वर चांगली माती आणून पसरली. चाळीतल्या तीनशे बारा कुटुंबांची घरं तिथं व्हायची होती. उद्या जमीन शुद्ध झाल्याच्या कागदावर सुगतची सही व्हायची होती.

“तपासणीत तो कोपरा सापडला नाही?”

“मातीचा नमुना तिथून तीन पावलं सरकवून घेतला.”

“कुणी?”

“मी.”

भंतेजींनी डबा जरा बाजूला सरकवला. सुगतला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

“यंत्र पोचत नाही का तिथं?”

“पोचतं.”

“मग?”



“आप्पा तिथं बसून जेवायचे.”

किसनआप्पा म्हणजे सुगतचे वडील. चोवीस वर्षं त्यांनी त्या कारखान्यात पिवळी भुकटी पोत्यांत भरली. बोटं कितीही घासली तरी पिवळीच राहायची. नाकातून रक्त यायचं, ते बाहीला पुसायचे आणि पुढचं पोतं ओढायचे. एक्कावन्नाव्या वर्षी गेले.

शाळा सुटली की सुगत त्यांचा डबा घेऊन जाई. शेडच्या मागं आप्पा लेकासाठी स्वच्छ गोणपाट अंथरायचे आणि स्वतः मातीत बसायचे. भाकरी ते वर्तमानपत्राच्या कागदात धरून खात, बोटं लागू नयेत म्हणून. लेकाला मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं कधी घास भरवला नाही. सुगतला त्याचं तेव्हा वाईट वाटायचं. आता कारण कळत होतं, म्हणून जास्त वाईट वाटायचं.

“सगळं मीच खणलं, भंतेजी. गेट, शेड, हौद, सगळं. तेवढाच एक कोपरा राहिलाय. तिथं उभं राहिलं की वाटतं, आप्पा आत्ता डबा उघडतील...” मग तो भराभर बोलू लागला. “वर सिमेंट ओततो. एक बाक ठेवतो. कुणाला काही त्रास नाही.”

भंतेजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेअकरा वाजत आले होते.

“डबा घे,” आपलं भिक्षापात्र उचलत ते म्हणाले. “जागा दाखव.”

उन्हात दोघं चालत गेले. नव्या तांबूस मातीवरून जाताना सुगत सवयीनं सांगत होता, इथं किती फूट खणलं, तिथं किती डंपर भरले. भंतेजी मान डोलवत होते. गेटवर सुगतनं त्यांना तोंडावर बांधायला मास्क दिला होता. त्यांनी तो घडी करून अंगावरच्या चीवरात ठेवला.

कोपरा लांबूनच ओळखू येत होता. हळदीचा डबा सांडावा तशी माती होती.

भंतेजी सरळ तिथं गेले आणि मांडी घालून बसले.

“भंतेजी, इथं नको!”

“त्रास नाही म्हणालास ना?”

“सिमेंट ओतल्यावर म्हणालो.”

“मला भूक आत्ता लागलीय. वाढ.”

भंतेजी दिवसातून एकदाच जेवत, बाराच्या आत, तेही एका बैठकीत. जेवता जेवता उठावं लागलं, तर त्या दिवसाचं जेवण संपलं. मग भिक्षापात्र भरलेलं का असेना. सगळ्या चाळीला हे माहीत होतं. ते जेवत असले की विहारापाशी पोरं चेंडूसुद्धा आपटत नसत.

सुगतनं पात्रात भाकरी आणि मेथीची भाजी वाढली.

भंतेजींनी एक घास खाल्ला. सावकाश चावला. मग म्हातारा गुडघा अवघडला म्हणून त्यांनी उजवा हात जमिनीवर टेकला आणि मांडी बदलली. हात उचलला तेव्हा तळवा पिवळा झाला होता.

तोच हात भाकरीकडं निघाला.

पुढं काय झालं ते सुगतला नीट आठवत नाही. ज्यांना वाकून नमस्कार केल्याशिवाय तो कधी पुढं गेला नव्हता, त्यांना त्यानं दोन्ही दंडांना धरलं आणि ओढून उभं केलं. तसंच फरफटत तांबूस मातीवर आणलं. पात्र उपडं झालं. भाकरी पिवळ्या मातीत पडली.

“हात पुसा! आधी हात पुसा!” तो ओरडत होता. त्यानं बाटलीतलं सगळं पाणी त्यांच्या तळव्यावर ओतलं, आपल्या शर्टाला घासघासून तो पुसला.

मग तो भानावर आला.

“भंतेजी... तुमचं जेवण.”

“संपलं.”

“एकच घास झाला होता.”

“हो.”

“आता उद्यापर्यंत उपाशी राहाल.”

“राहीन.”

दोघं उभे राहिले. लांबवर एक डंपर रिकामा होऊन निघून गेला.

“आप्पांना असं कधी उठवलं होतंस?”



“मी नऊ वर्षांचा होतो, भंतेजी.”

“नंतर मोठा झालास.”

“मोठा झालो तेव्हा सगळं कळत होतं. रोज वाटायचं, हात धरावा आणि म्हणावं, चला घरी.” त्याला रडू आवरेना. “पण ते तिथून उठले असते तर घर उपाशी राहिलं असतं. मी शिकलो नसतो. त्यांनाही ते माहीत होतं, मलाही. म्हणून दोघंही गप्प बसलो.”

भंतेजी थांबले. त्याचं रडणं ओसरू दिलं.

“घर जेवलं ना आता?”

“...जेवलं.”

भंतेजींनी पिवळ्या कोपऱ्याकडं बोट केलं. “मग उठव त्यांना.”