द्वारकेचा पदर

कोंढेगावात द्वारका नावाची एक बाई होती. तिचे केस पंचक्रोशीत नावाजलेले. शिकेकाईनं न्हाऊन ती अंगणात केस वाळवायला बसली की ते पाठीवरून उतरून जमिनीला टेकत. वाटेनं जाणाऱ्या बायका घटकाभर थांबून बघत आणि आपल्या बोटभर वेणीला हात लावून पुढे जात.

द्वारकेला मूलबाळ नव्हतं. गावातल्या पोरी मात्र सदा तिच्या ओट्यावर. तिच्या हातची वेणी घातली की केस वाढतात, अशी आयांची समजूत होती. सणावाराला, लग्नकार्याला पोरी तिच्यापुढे ओळीनं बसत. द्वारका आपल्याच फणीनं एकेकीचे केस विंचरी, उवा काढी, तेल थापून घट्ट वेण्या घाली. गावात तिला मान होता. तो आपल्या केसांमुळे आहे, असं तिला वाटे.

एका थंडीत तिच्या डोक्यात खाज सुटली. कोंडा असेल म्हणून तिनं लिंबू चोळलं. खाज थांबेना. टाळूजवळ एक गोल चट्टा पडला. तिथले केस मुळाशी तुटू लागले, वर खपली धरली. द्वारका घाबरली. माहेरी जाऊन येते असं घरात सांगून ती बाजारगावच्या नाना वैद्यांकडे गेली.

वैद्यांनी डोकं नीट पाहिलं. म्हणाले, "बाई, हा खवडा आहे. भिऊ नका, बरा होतो. पण केस बारीक कापावे लागतील. औषध कातडीला लागलं पाहिजे. आणि तुमची फणी दुसऱ्या कुणाच्या डोक्याला लावू नका. हा एकाचा दुसऱ्याला होतो. लहान पोरांना तर लगेच."

"नवरा जिवंत असताना डोक्याला कात्री लावू?" द्वारका म्हणाली. "गावात तोंड कसं दाखवू?"

"कापलेले केस परत येतील. झाकून ठेवलेत तर मुळंच मरतील. मग काही उपाय नाही."

द्वारका औषध घेऊन घरी आली. कात्री काही तिनं हातात घेतली नाही. दाट केसांवरूनच औषध चोपडलं, ते खाली पोचलंच नाही. चट्टा वाढला तशी तिनं भांगाची जागा बदलली. मग डोक्यावरचा पदर खाली पडेनासा झाला.

संक्रांत आली. पोरी नेहमीसारख्या ओट्यावर जमल्या. द्वारकेनं फणी हातात घेतली आणि ती थबकली. आज नाही म्हटलं तर आया विचारतील, का नाही? तिनं फणी पदराला पुसली आणि पहिल्या पोरीला पुढ्यात ओढलं.

होळीच्या सुमारास गावातल्या पोरींची डोकी चिघळली. कुणाच्या खपल्या, कुणाला पू. उन्हात पोरी डोकं खाजवत रडायच्या. आयांनी राख लावली, अंगारा लावला, दृष्ट काढली. काही उपयोग झाला नाही.

मग हे आलं कुठून, याचा शोध सुरू झाला. आदल्या वर्षी गावात सोपान नावाचा कुंभार येऊन राहिला होता. बायको वारलेली, बरोबर छबू नावाची सात-आठ वर्षांची मुलगी. आली तेव्हा छबूच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. सगळ्यांना ते आठवलं. संक्रांतीला तीही द्वारकेच्या ओट्यावर वेणी घालून गेली होती, आणि तिच्याही डोक्याला आता खवडा झाला होता.

"कुंभाराच्या पोरीनं आणलं," कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव तेच म्हणू लागलं. छबूला विहिरीवर येऊ देईनात. पोरी तिला लांबून ढेकळं मारू लागल्या. कालपर्यंत त्याच तिच्याबरोबर सागरगोटे खेळत होत्या.

एक दिवस छबू द्वारकेच्या परसात आली. दाराशी न येता लिंबाखाली लांबच उभी राहिली.

"काकू, माझ्यामुळं झालं का हो सगळ्यांना?"

द्वारका पाखडत होती. सुपातले दाणे तिला दिसेनात. आत्ता बोललं पाहिजे, हे तिला कळत होतं. तिनं पदर कपाळावर ओढला.

"मला काय माहीत, बाळ," ती म्हणाली. "जा, घरी जा."

छबू गेली.

त्याच आठवड्यात चावडीवर गाव जमलं. सोपान हात जोडून उभा राहिला. "पाटील, माझ्या पोरीच्या डोक्यात उवा होत्या. कुणाच्या पोरीच्या डोक्यात नसतात? पण हा रोग तिला इथं आल्यावर झाला."

"इथं कुणापासून झाला?" पाटलांनी विचारलं. "नाव सांग."

सोपानला नाव ठाऊक नव्हतं. ज्या बाईला ठाऊक होतं, ती बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. पाटलांनी सोपानला गाव सोडायला सांगितलं.

सोपाननं बिऱ्हाड गाढवावर लादलं. भट्टी लावायची राहिली होती. अंगणात कच्ची मडकी वाळत होती, ती त्याला नेता आली नाहीत. वळवाच्या एका सरीत त्यांची पुन्हा माती झाली.

कुंभार गेला, पण रोग गेला नाही. आणखी पोरी आजारी पडल्या. शेवटी पाटलांनी नाना वैद्यांना बोलावणं धाडलं.

वैद्यांनी एकेक डोकं तपासलं. "पहिल्यांदा कुणाला झालं?"

"कुंभाराच्या पोरीला. तिला आम्ही घालवून दिली."

"मग ही धाकटी तर परवा आजारी पडली. हिला कुणी दिला?"

वैद्यांनी विचारलं, "या पोरींचे केस कोण विंचरतं?"

"आमच्या द्वारकाकाकू," आया कौतुकानं म्हणाल्या आणि बाजूला सरल्या. द्वारका समोर आली. वैद्यांनी तिला ओळखलं. ते तिच्या डोक्यावरच्या पदराकडं बघत राहिले.

द्वारकेनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. टाळूवर केस उरलाच नव्हता. लाल, चकचकीत कातडी होती, आणि कडेनं ते लांब केस लोंबत होते.

औषधानं बहुतेक पोरी बऱ्या झाल्या. दोघी-तिघींच्या डोक्यावर टक्कल राहिलं ते राहिलंच. द्वारकेला कुणी शिव्या दिल्या नाहीत. तिच्या ओट्यावर पोरी यायच्या थांबल्या, एवढंच. नवऱ्यानं अंगणात बसवून तिचे उरलेले केस कापले.

द्वारकेला घरात बसवेना. ती गावोगाव कुंभारांची घरं पुसत फिरली. दिवाळीच्या तोंडावर नदीपलीकडच्या एका गावात सोपान सापडला. त्यानं तिला बसही म्हटलं नाही. तिनं सगळं सांगितलं. तो चिखल तुडवत ऐकत होता. मग त्यानं मानेनंच अंगणाकडं खूण केली.

छबू कुंपणाशी बसली होती. डोकं बरं झालं होतं, काळेभोर केस बोटभर वाढले होते. शेजारची एक पोर तिला खेळायला बोलवत जवळ आली, तशी छबू दचकून मागं सरकली.

"लांब राहा," ती म्हणाली. "माझ्यामुळं तुलाही होईल."

द्वारका तिच्यापुढे मातीतच बसली. "छबू, तुझ्यामुळं नव्हतं झालं गं. माझ्यामुळं झालं. मला तेव्हाच ठाऊक होतं."

छबूनं तिच्या उघड्या डोक्याकडं पाहिलं.

"मग मी विचारलं होतं तेव्हा का नाही सांगितलं?"

द्वारकेनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढं केला. छबूनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि ती बापाच्या मागं जाऊन उभी राहिली.

द्वारका संध्याकाळच्या उतारूंबरोबर नावेत बसून परत आली.

तात्पर्य: दुखणं होण्यात लाज नाही, ते लपवून दुसऱ्यावर ढकलण्यात आहे, आणि वेळेवर न सांगितलेलं खरं मागाहून सांगितलं, तरी झालेली जखम भरून येतेच असं नाही.