मापाऱ्याची लेक आणि शापाचे तीन दरवाजे

एका राज्यात बियाण्याच्या कोठाराला कुलूप नव्हते. विकटाक्ष मांत्रिकाने बसवलेले तीन बोलके दरवाजे होते. उत्तर चुकले की माणसाचा राघू होई, आणि तिसऱ्या दिवशी मावळतीला त्याची वाचा कायमची जाई. कुणी तिन्ही उत्तरे बरोबर दिली, तरच शाप सुटणार होता. राजाचा मापारी भिवजी असाच राघू झाला. आज तिसरा दिवस होता. त्याची लेक सगुणा राघूला खांद्यावर घेऊन कोठारापाशी आली.

पहिला दरवाजा म्हणाला, "क, क आणि क मिळवले की खक होतो. एका अक्षरात एकच आकडा, दोन अक्षरांत दोन वेगळे. ओळख."

सगुणा गोंधळली नाही. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, हे तिला बापाने लहानपणीच शिकवले होते. शब्दाआड आकडा दडतो, हे तिला नवे नव्हते. तिप्पट केल्यावर शेवटी स्वतःच उरणारे आकडे दोनच, शून्य आणि पाच. शून्य धरावे तर खसुद्धा शून्यच होतो.

"क पाच, ख एक. पाच त्रिक पंधरा."

दरवाजा उघडला.

दुसरा म्हणाला, "पाच क्ष, तीन य. त्यात दोन क्ष मिळव, एक य काढ."

"मी नऊ म्हणालो गं," राघू पुटपुटला. "ज्वारी-बाजरी एकाच राशीत ओतायची आपली खोड. तिथंच फसलो."

त्या राज्यात सगळेच तसे ओतत, म्हणून सगळेच तिथे फसत. पण आपली चूक लेकीपुढे कबूल करायला मोठे मन लागते. सगुणेने मनोमन बापाला हात जोडले आणि दोन राशी वेगळ्या केल्या.

"सात क्ष आणि दोन य. यापुढे त्यांना मिसळणार नाही." तोही दरवाजा उघडला.

तिसऱ्या दरवाजात खुद्द विकटाक्ष उभा होता. सूर्य मावळतीला टेकला होता.

"मी मनात एक संख्या धरली आहे," तो म्हणाला. "तिची दुप्पट केली, सहा मिळवले, निम्मे केले, मूळ संख्या वजा केली. काय उरले? संख्या मात्र सांगणार नाही."

सगुणेने बापाकडे पाहिले. त्याने चोच उघडली, पण नुसती शीळ निघाली. तिने डोळे मिटले आणि त्या संख्येला क्ष म्हटले. दोन क्ष आणि सहा. निम्मे, क्ष आणि तीन. क्ष वजा.

"तुझी संख्या तुझ्यापाशीच ठेव, मांत्रिका. मला ती लागत नाही. उरले तीन."

विकटाक्षाचा धूर झाला. कोठारावरचे सगळे राघू माणसे होऊन खाली उतरले. राजाने स्वतः बियाणे वाटले, आणि ज्याने त्याने सगुणेला दुवा दिला.

तिचे मात्र कुणाकडे लक्ष नव्हते. भिवजी समोर उभा होता, माणसाच्या पायांवर डगमगत. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"पोरी," तो म्हणाला, "तीन दिवसांत जेवलीस का काही?"

तेव्हा कुठे सगुणा रडली.