ज्वरचिकित्सेची पोथी

फार पूर्वी नदीकाठच्या शाल्मली नावाच्या नगरात अंगारसेन राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका पंडितकुळात जन्मले आणि वयात आल्यावर तिथल्या पाठशाळेचे आचार्य झाले.

त्या नगरात विद्या मुखातून मुखात जात असे. पोथ्या होत्या, पण त्या पंडितांच्या घरी, रेशमी वस्त्रांत गुंडाळलेल्या. पाठशाळेत एकही नव्हती. एका वर्षी ज्वराची साथ आली. तिने वैद्यक शिकवणारे अध्यापक नेले, आणि त्यांना जे मुखोद्गत होते ते त्यांच्याबरोबर चितेवर गेले. मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांना सूत्रे अर्धीच ठाऊक होती. अर्ध्या सूत्रांवर काढे उकळले गेले आणि माणसे मरत राहिली. आचार्यांचा एकुलता एक मुलगा पुष्यक याने गुरूच्या तोंडून ज्वरचिकित्सा उतरवून घेतली होती. ती पोथी काखेत मारून तो घरोघर फिरला, पुष्कळांना त्याने उठवून बसवले, आणि साथीच्या अखेरीस स्वतः अंथरुणाला खिळला. तो पुन्हा उठला नाही.

साथ ओसरल्यावर तेल्यांच्या श्रेणीचा, म्हणजे व्यवसायसंघाचा, प्रमुख कोंडक आचार्यांच्या दारी आला. त्याची नात गेली होती.

"आचार्य, माझी पोर आजाराने गेली असती तर मी नशिबाला बोल लावला असता," तो म्हणाला. "ती अर्धवट काढ्याने गेली. आता बोल कुणाला लावू?"

त्या दिवसापासून आचार्य आणि कोंडक दोघे मिळून दारोदार जाऊ लागले. कोंडकाने विणकर आणि कुंभार यांच्या श्रेणी जोडल्या, आचार्यांनी पंडित जोडले. असे मंडळ नगराने पूर्वी पाहिले नव्हते. घाण्याचा वास आणि चंदनाचा वास एका ओसरीवर बसू लागला. प्रत्येक पाठशाळेला स्वतःचे पोथीघर असावे आणि त्यातली पोथी मुलांच्या हाती पडावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

राजाने ते ऐकले. तो म्हणाला, "पावसाळा सरेपर्यंत एक पोथीघर भरून दाखवा. राजवैद्य आणि राजपंडित पोथ्या तपासतील. शुद्ध निघाल्या तर राज्यातल्या प्रत्येक पाठशाळेला पोथीघर देईन. नाहीतर त्या घरात माझे घोडे बांधीन. घोड्यांना निदान छप्पर तरी लागते."

कुंभारांनी भिंती उभारल्या, विणकरांनी वेष्टने दिली, तेल्यांनी ताडपत्रांना लावायला तेल दिले. पंडितांनी पोथ्या आणल्या. आचार्यांनी आपल्या घरच्या पोथ्या आधीच ठेवल्या होत्या. पुष्यकाची तेवढी ठेवली नव्हती, आणि ती मागण्याचे धाडस कोणी केले नव्हते. पोथ्या मांडताना आचार्यांनी प्रत्येक पोथी उघडून पाहिली. कुठे मधली पाने नव्हती, कुठे वाळवीने ओळी खाल्ल्या होत्या, कुठे लेखकाने झोपेत लिहावे तसे पाठ होते. विद्वानांची ही जुनी खोड. निर्दोष पोथी पूजेला ठेवायची आणि सदोष पोथी, मुलांसाठीच तर आहे म्हणून, दानात द्यायची. त्यात काही चुकते असे त्यांच्या मनातही आले नव्हते.

आचार्यांनी मंडळ बोलावले आणि झाले ते सांगितले.

कोंडक उसळला. "आम्ही पहिल्या घाणीचे तेल दिले, पंडितहो, आणि तुम्ही वाळवीचे उष्टे वाढलेत!"

"जपून बोल, कोंडका," वयोवृद्ध पंडित देवरात म्हणाले. "मुलांचे हात तुला ठाऊक नाहीत. वर्षभरात पानाचा चोथा होतो."

"मग सांभाळा तुमची पाने. आमची मुले आम्ही घाण्याला जुंपतो. चला रे!"

श्रेणींची माणसे उठू लागली. तेव्हा देवरात आचार्यांकडे वळले. त्यांच्या आवाजात टोमणा होता, पण थोडी लाजही होती. "आचार्य, ज्वरचिकित्सेची शुद्ध पोथी नगरात एकच आहे, आणि ती तुमच्या घरी आहे. आम्हांला शिकवण्याआधी ती इथे ठेवा. नाहीतर तिची नक्कल द्या; आम्हीही नकला देऊ."

आचार्य जाणून होते की या मार्गाने नकलेची नक्कल आणि चुकीची चूक एवढेच पोथीघरात जमेल. ते म्हणाले, "उद्या सांगतो."

घरी त्यांची पत्नी वासुला दिवेलागणीच्या उजेडात तीच पोथी मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाचता येत नव्हते. ती रोज पाने सोडी, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवी आणि पुन्हा बांधी. आचार्य समोर बसले. कसे विचारावे हे त्यांना सुचेना.

"कोंडकाची सून सांगून गेली मला," वासुलाच म्हणाली. "विचारा ना."

"मी मागत नाही. तू नाही म्हणालीस तर नाही."

"मोठे उदार तुम्ही! नाही म्हणण्याचे ओझे माझ्या डोक्यावर." तिने अक्षरांवर बोट ठेवले. "आर्य, तुमच्यासाठी यात चिकित्सा आहे. माझ्यासाठी हा त्याचा हात आहे. मुले ती मळवतील, फाडतील."

"होय, फाडतील," आचार्य म्हणाले. खोटे सांगून तिला धीर देणे त्यांना शक्य नव्हते.

पोथी वेष्टनात गुंडाळत ती म्हणाली, "कोंडकाच्या नातीला तो वाचवायला निघाला होता. दारापर्यंत पोहोचला नाही. जाऊ दे त्याला आता."

सकाळी तिने स्वतः ती पोथी नेऊन पोथीघरात ठेवली. देवरात उठून घरी गेले आणि परतले तेव्हा त्यांच्या डोक्यावर पूजेतल्या पोथ्यांची पेटी होती. इतरांनीही तेच केले. पावसाळा सरला, परीक्षक आले, आणि राजाला आपले घोडे दुसरीकडे बांधावे लागले.

पुष्यकाची पोथी मुलांनी वाचली, पाठ केली, उतरवून घेतली. पुढे ज्वर पुन्हा आला, तेव्हा नगर उजाड झाले नाही. पण तोवर पाने झिजली होती, दोऱ्याची छिद्रे फाटली होती. तिच्यावरून उतरलेल्या पोथ्या गावोगाव होत्या. मात्र त्या इतरांच्या हातच्या होत्या. जीर्ण पोथी नदीला अर्पण करण्याचा तिथला रिवाज होता. ती अर्पण करायच्या दिवशी पाठशाळेचा नवा अध्यापक पाने घेऊन घाटावर आला. म्हाताऱ्या वासुलेने ती क्षणभर मागून घेतली आणि बोट फिरवले. बोटाला काही लागले नाही.

"पुसले सगळे?"

"वाचून वाचून, माते," तो म्हणाला.

तिने पाने पाण्यात सोडली. आचार्य आयुष्यभर इतरांना अनित्यता समजावीत आले होते. त्या दिवशी त्यांनी तिला काहीही समजावले नाही. ते तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि पाने वळणाआड जाईपर्यंत दोघेही रडत राहिले.

भिक्षूंना ही कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, त्या जन्माची या जन्माशी नाती जुळवली. "तेव्हाचे पंडित म्हणजे नवे चीवरवस्त्र स्वतः ठेवून शिकाऊ श्रामणेरांना विरलेले देणारे आजचे भिक्षू. कोंडक म्हणजे हा समोर बसलेला उपासक बहुलक. आचार्य मी होतो. आणि वासुला ही भिक्षुणी सुव्रता."

पुष्यक आज कोण आहे, हे शास्त्यांनी सांगितले नाही. सुव्रतेनेही विचारले नाही.

"त्या जन्मी मी मागणारा होतो," ते शेवटी म्हणाले. "देणारी ती होती. भिक्षूंनो, दानाची परिपूर्णता, दानपारमिता, ती हीच."