चिचुताईचं टरफल

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिचुताई. एवढीशी, अंगठ्याएवढी. तिला तीन बाळं. थोरला, मधली आणि शेंडेफळ.

चिचुंद्रीची बाळं कशी चालतात, ठाऊक आहे? थोरला आईचं शेपूट तोंडात धरतो. मधली थोरल्याचं धरते. शेंडेफळ मधलीचं धरतं. आणि निघाली वरात! लुटुलुटु, लुटुलुटु.

चिचुताई राहायची गोदाकाकूंच्या घरात. महिन्याच्या एक तारखेला काकूंकडे तांदळाचं पोतं यायचं. काकू भात टाकायच्या. दाणे सांडायचे. टप टप टप! चिचुताई ते वेचायची. पण सगळे खायची नाही हं.

"चार पोटात, एक टरफलात!" असं म्हणायची आणि एक दाणा शेंगेच्या टरफलात टाकायची. खुळ्! ते टरफल फडताळात ठेवायची, अगदी मागच्या कोपऱ्यात.

का बरं ठेवायची? महिनाअखेरीसाठी! महिनाअखेर आली की काकूंच्या हातून एक दाणा सांडत नाही. चुकून सांडलाच, तर काकू चष्मा लावून शोधतात.

आज होता महिन्याचा शेवटचा दिवस. खाली दाणा नाही. बाहेर कडाक्याची थंडी. बाळांची पोटं वाजायला लागली. गुडगुड, गुडगुड.

"घाबरू नका," चिचुताई म्हणाली. "टरफल आहे ना!"

गेली फडताळाशी. बघते तर काय? दार बंद! रोज ते बोटभर उघडं असायचं. आज काकूंनी फडताळ आवरलं आणि दार लावून टाकलं. कर्रर्र... खट्!

चिचुताई दाराला म्हणाली,

"दारा, दारा, उघड ना! टरफल मिळेना. बाळांना भूक सोसेना!"

दार म्हणालं, "मी नाही उघडणार. माझी बिजागरी गंजली. तेल पडेल, तर उघडेन."

तेल कुठे होतं? फडताळावर. खोबरेल तेलाची बाटली, सैल बुचाची. काकूंनी ती आडवी ठेवली होती. बुडाचं तेल तोंडाशी यावं, थेंबसुद्धा वाया जाऊ नये म्हणून.

"बाळांनो, शेपूट सोडू नका हं!"

तोंडात शेपूट, मग बोलणार कसं?

"हूं!" "हूं!" "हूं!"

लुटुलुटु, लुटुलुटु.

"तेला, तेला, पड ना! दार उघडेना. टरफल मिळेना. बाळांना भूक सोसेना!"

तेल म्हणालं, "मी नाही पडणार. थंडीने गोठलंय मी. ऊन येईल, तर वितळेन."

"बाळांनो, शेपूट सोडू नका हं!"

"हूं!" "हूं!" "हूं!"

लुटुलुटु, लुटुलुटु. ऊन होतं खिडकीबाहेर.

"उन्हा, उन्हा, ये ना! तेल वितळेना. दार उघडेना. टरफल मिळेना. बाळांना भूक सोसेना!"

ऊन म्हणालं, "मी नाही येणार. खिडकीवर गोधडी वाळत घातलीय. गोधडी हलेल, तर येईन. आणि लवकर कर बाई! दुपार कलली की मी चाललं."

अगं बाई! चिचुताई धावायलाच लागली.

"बाळांनो, शेपूट सोडू नका हं!"

"हूं!" "हूं!" "हूं..."

लुटुलुटु, लुटुलुटु.

"गोधडी, गोधडी, हल ना! ऊन येईना. तेल वितळेना. दार उघडेना. टरफल मिळेना. बाळांना भूक सोसेना!"

गोधडी म्हणाली, "मी नाही हलणार. मी ओली, मी जड. वारा उठेल, तर हलेन."

वारा झोपला होता अंगणातल्या शेवग्यात. घुर्रर्र, घुर्रर्र.

"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ ना! गोधडी हलेना. ऊन येईना. तेल वितळेना. दार उघडेना. टरफल मिळेना. बाळांना भूक सोसेना!"

वाऱ्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "मी नाही उठणार. उगाच कोण उठतंय? सूप पाखडेल, तर उठेन." आणि डोळा मिटला.

गुडगुड, गुडगुड. कोणाचं पोट वाजलं? सगळ्यांचंच!

"बाळांनो, शेपूट सोडू नका हं!"

"हूं!" "हूं!" "ऊं..."

तिसरं हूं अगदी बारीक आलं. चिचुताईचा जीव खालीवर झाला. लुटुलुटु, लुटुलुटु, ती स्वयंपाकघरात आली. सूप भिंतीला टेकून उभं होतं.

"सुपा, सुपा, पाखड ना! वारा उठेना. गोधडी हलेना. ऊन येईना. तेल वितळेना. दार उघडेना. टरफल मिळेना. बाळांना भूक सोसेना!"

सूप म्हणालं, "छे छे! रिकामं सूप पाखडू नये. काकू तांदूळ घालतील, तर पाखडेन."

काकू चुलीपाशी बसल्या होत्या. समोर तांदळाचा डबा, रिकामा. शेजारी छोटं मडकं, फडक्याने बांधलेलं.

"काकू, काकू, तांदूळ घाला ना! सूप पाखडेना. वारा उठेना. गोधडी हलेना. ऊन येईना. तेल वितळेना. दार उघडेना. टरफल मिळेना. बाळांना भूक सोसेना!"

काकू म्हणाल्या, "कुठून घालू गं बाई? डबा खडखडीत. पोतं यायचं उद्या. मीच सकाळपासून कोऱ्या चहावर आहे."

"आणि त्या मडक्यात काय आहे?"

"तांदूळ. रोज भात टाकताना एक मूठ त्यात टाकते. पण त्याला हात लावायचा नाही! अडीअडचणीला ठेवलेत."

झालं! आता कुणाकडे जायचं? चिचुताईला रडूच आलं. हळूच म्हणाली, "बाळांनो, शेपूट सोडू नका हं..."

"हूं!"

"हूं!"

आणि?

तिसरं हूं आलंच नाही.

चिचुताई गर्रकन वळली. थोरला होता. मधली होती. शेंडेफळ नव्हतं! डब्यामागे नाही. सुपामागे नाही. चुलीत तर नाही ना पडलं? नाही, चूल थंडच होती. "शेंडेफळा! अरे कुठे आहेस?"

मडक्याच्या बुडाशी काहीतरी हललं. शेंडेफळ तिथे टेकून बसलं होतं. मिश्या थरथरत होत्या. पोट पाठीला लागलं होतं. ते काकूंकडे बघत होतं.

"काकू," शेंडेफळ म्हणालं, "अडीअडचण दिसते कशी?"

काकू खाली वाकल्या.

"अशी," त्या म्हणाल्या. "अशीच दिसते रे बाळा. आणि मी मेली वाट बघतेय, ती कधी येईल म्हणून!"

काकूंनी मडक्याचं फडकं सोडलं. "घे रे, दोन दाणे घे."

"नको काकू," चिचुताई म्हणाली. "आमचं टरफल आहे ना. तेवढं मिळू दे. फडताळाचं दार उघडा ना!"

"अगं, गंजलंय मेलं. मघाशी ओढून ओढून दमले मी. थांब, सूपच पाखडते."

काकूंनी तांदूळ घातले. सूप पाखडलं. फट फट फट!

आता तुम्ही म्हणाल, सुपातून एखादा दाणा खाली पडेलच की. छे! काकूंच्या सुपातून नुसता कोंडा उडतो.

वारा उठला. सूंऽऽ सूंऽऽ!

गोधडी हलली. फडफड, फडफड!

ऊन आलं. पिवळंधमक, थेट बाटलीवर!

तेल वितळलं. टप्! बिजागरीवर एक थेंब.

दार... दार काही उघडेना.

टप्! दुसरा थेंब. दार उघडेना.

ऊन सरकायला लागलं. चिचुताईने डोळे गच्च मिटले. बाटलीच्या तोंडाशी एकच थेंब उरला होता. अगदी शेवटचा, बुडाचा, काकूंनी जपलेला. तो लोंबला. लोंबला. लोंबला...

टप्!

कर्रर्र... आणि दार बोटभर उघडलं!

शेंडेफळ आत शिरलं आणि टरफल ढकलत ढकलत बाहेर आलं. खुळखुळ, खुळखुळ!

मग काय! कुरुम कुरुम. थोरला खातोय. मधली खातेय. शेंडेफळ तर दोन्ही गाल भरून खातंय. चिचुताई आधी नुसती बघत बसली. मग तीही जेवली. कुरुम कुरुम.

शेवटी टरफलात एक दाणा राहिला.

"खा रे," चिचुताई म्हणाली. "आज खायचाच दिवस आहे."

शेंडेफळाने दाणा उचलला. अर्धा खाल्ला. कुरुम! अर्धा परत टरफलात टाकला. खुळ्!

तिकडे काकूंच्या चुलीवर भात रटरटत होता. खाली जमिनीवर दोन दाणे पडले होते. काकूंनी चष्मा काढून ठेवला होता. दाणे सांडले, की काकूंनी मुद्दाम सांडले? ते मला नका विचारू. चिचुताईला विचारा.

भूक सगळ्यांची हरली,
मडक्यात मूठ उरली,
गोष्ट इथे सरली!