शून्य मार्कांचा कागद

"ध्येयच नसलेल्या पोरीला वर्गात ठेवायचं तरी कशाला, आक्का?"

विश्वंभर सर मठाच्या ओसरीवर येरझारा घालत होते. बस म्हटलं तरी बसेनात. आक्का शेंगा फोडत होत्या. या मठात राहून त्यांनी गावाच्या तीन पिढ्यांना अक्षरं गिरवायला लावली होती. सरांनाही त्यांनीच.

"आधी टेक बघू. झालं काय?"

सर टेकले. लगेच उठले.

नववीच्या बेचाळीस मुलांकडून त्यांनी 'माझ्या जीवनाचे ध्येय' लिहून घेतलं होतं. वर दहापैकी मार्कही दिले होते. आता ध्येयाला मार्क द्यायचे, हे मास्तरलाच सुचावं! कलेक्टरला दहा, डॉक्टरला नऊ, दुकानदाराला चार.

"आणि त्या पोरीला?"

"निलोफरला? शून्य. दोनच शब्द लिहिले तिनं, 'माहीत नाही.' मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, ज्याला ध्येय नाही त्याला शाळेचा उपयोग नाही. तिनं घरी जाऊन तेच सांगितलं. बाप म्हणाला, मग राहा घरी. सोमवारी दाखला न्यायला येतोय."

"मग तुझ्याच मनासारखं झालं की."

"चार दिवस झाले आक्का, घास गिळवत नाही."

"कागद आणलेस?"

पिशवीतून गठ्ठा निघाला. आक्कांनी एकेक कागद पाहिला. कलेक्टर, कलेक्टर, डॉक्टर, परत कलेक्टर. वाक्यंसुद्धा तीच. नमुना सरांनीच फळ्यावर लिहून दिला होता.

मग निलोफरचा कागद आला. आक्का थांबल्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि तो कागद कपाळाला लावला.

"अहो आक्का, तो शून्याचा आहे!"

"दिसतंय मला. म्हातारी झालेय, आंधळी नाही झाले."

सरांना राग आला. पण आक्कांवर रागवायची गावात कुणाची छाती नव्हती.

"ही पोर वर्गात कधी काही विचारायची का रे?"

"डोकं खायची नुसती! गेल्या महिन्यात भूगोलाच्या तासाला म्हणते, सर, तळ्याच्या देवळाकडच्या काठाला बेडूक ओरडतात, पलीकडच्या काठाला का नाही ओरडत?"

"तू काय म्हणालास?"

"पोर्शनमध्ये नाही. खाली बस."

"बसली?"

"बसली. त्यानंतर हात वर केलाच नाही तिनं..."

सर खांबाला धरून उभे राहिले. डोळे भरून आले होते आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

"खरं सांग. का ओरडत नाहीत रे तिकडं?"

"...माहीत नाही, आक्का."

"हं."

"मग मी करू काय? बापाला काय सांगू? तिला ध्येय देऊ तरी कुठून?"

आक्कांनी सूप बाजूला सारलं.

"आत्ता तिच्या घरी जा. म्हणावं, बाई, चल, तळं दाखव. बापालाही घे, वर्गातली पोरंही घे. ती पुढं चालेल, तू मागं चाल... आणि बूट इथंच राहू देत, तिकडं चिखल आहे."