तोफेच्या टप्प्यातला देव

घेरगडचे किल्लेदार बहिरजीराव यांना एके दिवशी देवाचाही बंदोबस्त करावासा वाटला. त्यांनी दवंडी पिटवली, “जिथवर आमची तोफ पोचते, तिथवर आमचाच देव! पटत नसेल त्यानं गाव सोडावं.”

गावात रिबकाबाई ही बेने इस्रायली, म्हणजे यहुदी, तेलीण राहायची. शनिवारी घाणा बंद ठेवून ती आपल्या देवाची प्रार्थना करायची. शिपायांनी तिलाच आधी सदरेवर आणलं. गाव सुटलं तर घाणाही सुटणार, हे तिला ठाऊक होतं.

“काय गं, देव बदलतेस की गाव सोडतेस?” किल्लेदार गरजले.

“बदलते की, सरकार! फक्त एक सांगा. खाडीपलीकडच्या फिरंग्याची तोफ गावापर्यंत पोचते का?”

गेल्याच महिन्यात त्या तोफेनं गडाचा बुरूज उडवला होता. नाही म्हणायची सोय नव्हती.

“पोचते,” किल्लेदार पुटपुटले.

“मग मधे तुमच्या देवाला तसदी कशाला? मी थेट फिरंग्याचाच देव धरते. गडही त्याच्याच टप्प्यात येतो, सरकार. तुम्ही कधी येताय?”

सगळी सदर खो खो हसत सुटली.

संध्याकाळी नवी दवंडी फिरली, “तोफा सरकार सांभाळतील, देव ज्याचा त्यानं सांभाळावा!”